विजयापासून लांब

मी एक जुना, काळ्या दगडाचा खल आहे, होडीसारखा लांबट. मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात मिक्सर आला, म्हणून ओळख करून द्यावी लागते.

नेवाशात विष्णुपंत वैद्यांकडे माझी उमर गेली. सुंठ, हिरडा, पिंपळी, काय काय माझ्यात घोटलं गेलं! पंत गेले, दवाखाना मिटला आणि शेजारच्या विजयाआजींनी मला चहाचं आलं ठेचायला नेलं.

त्यांची नात देवश्री सात वर्षांची. ती स्वमग्न आहे, बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळते, स्वतःचाच हात चावते. झोपेचं तर विचारूच नका.

एके सकाळी दूधवाला गहिनीनाथ पुडी घेऊन आला. "आजी, मोबाईलवर बगितलं. परदेशात अशा लेकरांना भांगंचं आवशिद देत्यात. लई गुन येतो म्हनं!"

"महादेवाचा प्रसादच की," म्हणत आजींनी पाला माझ्यात ओतला, बत्ता उचलला. सून ज्योतीने त्यांचा हात धरला. "आई, आधी दिपालीताईंना विचारू."

दिपालीताई म्हणजे पंतांची नात, नगरला वैद्य. ज्योतीने फोन स्पीकरवर लावून सगळं सांगितलं.

"आधी मुलीला विजयापासून लांब ठेवा!" तिकडून आवाज आला.

आजींनी बत्ता खाली ठेवला. "माझ्यापासून? अगं, मी तिला न्हाऊ घालते, भरवते..." डोळेच भरले त्यांचे.

"अहो काकू, तुम्ही नाही! आमच्या शास्त्रात भांगेला विजया म्हणतात."

"आजी, नाव लई कडक हाय तुमचं!" गहिनीनाथ म्हणाला. ज्योतीला हसू आवरेना. मला ते नाव पंतांच्या काळापासून ठाऊक. पण दगडाला विचारतो कोण?

दिपालीताई म्हणाल्या, "त्या झाडातला एखादा घटक वेगळा काढून, थेंब मोजून अभ्यास चाललेत. काही मुलं शांत झाली, काहींना फरक नाही, काहींना गुंगी आली, भूक गेली. खात्रीचं उत्तर अजून नाही. आणि तुमच्या पुडीत काय किती आहे, कुणाला ठाऊक?"

"तिला आतून काही झालं, तर ती सांगणार कशी?" आजी हळूच म्हणाल्या.

पाला कचऱ्यात गेला. मला धुताना त्या ज्योतीला म्हणाल्या, "देवश्रीच्या डॉक्टरांकडे या खेपेला मीही येणार. पुष्कळ विचारायचंय मला."

मित्रांनो, त्या पानात काय दडलंय, याचं मलाही कुतूहल आहे. शोधणारे शोधोत. पण ज्या लेकराला आपलं दुखणं सांगता येत नाही, त्याला काही देण्याआधी जाणत्यांना जरूर विचारा. माझ्यात एकदा वाटलं गेलेलं पुन्हा पान होत नाही.