कानातला बोळा

स्वप्नालीच्या कासारवाडीतल्या दवाखान्यात, टेबलामागच्या फळीवर, लोणच्याची एक जुनी बरणी आहे. तिच्यात लोणचं सोडून सगळं आहे. ज्वारीचे दाणे, पेन्सिलीची टोकं, बुगडीतला एक मोती, मोडलेल्या काड्या. काळेवाडीच्या भिमाजींच्या कानातलं झुरळ तेवढं वेगळ्या बाटलीत आहे, कारण ते जिवंत निघालं होतं आणि त्याचा मान वेगळा. लोकांच्या कानांची तपासणी करण्यात अकरा वर्षं घालवल्यावर तिला वाटायला लागलं होतं, की आता आपण कशानंही चकित होणार नाही. माणसाला असं वाटायला लागलं, की समजावं फजिती जवळ आली.

बुधवारी सकाळी दोघं आले. पुढं रोहिदास, मागं बरकत. दोघंही चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला, एकाच शिफ्टला. पत्र्यावर पोलादी साचा आदळायचा आणि गाड्यांचे भाग काढायचे, हे त्यांचं काम.

"मॅडम, ह्याच्या डाव्या बाजूनं बोलू नका," रोहिदासनं बसायच्या आधीच सांगितलं. "भिंतीला सांगितल्यासारखं हुतं."

बरकत पन्नाशी ओलांडलेला, दापोडीत राहणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. कंपनीत वर्षाकाठी तपासणीची गाडी येते. हेडफोन लावतात, शिट्ट्या ऐकवतात, कागद देतात. कानात कुणी डोकावत नाही, तेवढा वेळ कुणाला आहे? कागदावर लिहिलं होतं, डावा कान नापास. शनिवारपर्यंत कानाचा दाखला आणा, नाहीतर प्रेस सोडून पॅकिंगला जा.

"पॅकिंगला पगार कमी आहे का?" स्वप्नालीनं उजव्या बाजूला वाकून विचारलं.

"पगार तोच हाय," बरकत म्हणाला. "पण खोकी बांधायला कान लागत न्हाई."

मग रोहिदासनंच सगळं सांगितलं. साचा फुटायच्या आधी त्याचा आवाज बसतो, अगदी किंचित. इंजिनिअरला कळत नाही, बरकतला कळायचं. हात वर करून तो प्रेस थांबवायचा, आणि साचा उघडला की केसाएवढी चीर सापडायची. सत्तावीस वर्षं हेच चाललं. गेल्या वर्षभरात मात्र दोन साचे चालू कामात फुटले. दुसऱ्याचा तुकडा रोहिदासच्या कपाळाजवळून गेला.

"मशीननं कान खाल्ला, मॅडम," बरकत म्हणाला. "पण माझ्या कानापायी ह्याचा डोळा जायला नको. ऐकू येत नसंल तर तसंच लिवा."

स्वप्नालीलाही तसंच वाटत होतं. त्याच कारखान्यांच्या पट्ट्यातले नऊ कान तिनं त्या आठवड्यात पाहिले होते, आणि नऊही मशीननंच खाल्लेले. आवाजानं गेलेल्या कानाच्या नसा परत येत नाहीत. तिनं मनातल्या मनात दाखलाही लिहून टाकला होता. मग रिवाजाप्रमाणं तिनं दिवा लावून डाव्या कानात पाहिलं.

आत मळाची काळी गुठळी होती. त्यात नवल काही नाही. नवल हे, की गुठळीतून एक हिरवा दोरा बाहेर आला होता. आणि त्या दोऱ्याला चक्क गाठ होती!

फार खोल असतं तर तिनं सर्जनकडं धाडलं असतं. पण दोऱ्याचं टोक हाताशी होतं. तिनं कानात थेंब सोडले, अर्धा तास बरकतला उजव्या कुशीवर निजवलं, आणि बारीक चिमट्यानं, श्वास रोखून, हळूहळू ते ओढलं. हरभऱ्याएवढं काहीतरी सुळकन बाहेर आलं. कापसाचा बोळा होता, मधोमध हिरव्या दोऱ्यानं आवळलेला.

आणि खोलीत वाळ्याचा वास पसरला. खरंच पसरला. स्पिरिटच्या त्या खोलीत ओल्या वाळ्याचा, गार, गोड वास. रोहिदास खुर्चीतून उठून उभाच राहिला. स्वप्नालीचा चिमटा तसाच हवेत राहिला. एवढ्याशा कापसानं, मळाच्या अंधारात बसून, हा वास जपला कसा? अकरा वर्षांची सगळी हुशारी तिला त्या क्षणी पोरकट वाटली.

बरकत मात्र वर बघत होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "पंख्याचं बेअरिंग गेलंय."

रोहिदास एवढ्या जोरात हसला, की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. बरकतही हसत होता. मग त्याची नजर चिमट्याकडं गेली आणि हसू तिथंच थांबलं. त्यानं तळहात पुढं केला. स्वप्नालीनं बोळा त्यावर ठेवला.

"हे हसीनाचं काम हाय," तो म्हणाला.

हसीना त्याची बायको. दापोडीत साड्यांना फॉल-पिको करायची. ईदच्या दिवशी अत्तराचा फाया त्याच्या कानाच्या घडीत तीच ठेवायची, आणि सुटू नये म्हणून शिलाई मशीनवरच्या दोऱ्यानं बांधायची. गेल्या वर्षीच्या ईदला ऑर्डर अडली होती, म्हणून नमाज, शीरखुर्मा उरकून तो दुपारच्या शिफ्टला पळाला. घाईत फाया होता तिथंच राहिला, आणि त्यावर त्यानं कंपनीचा इअरप्लग दाबला. रोजचा प्लग रोज थोडं आत ढकलत गेला.

"रात्री घरी आलो तर कान रिकामा. ती म्हनली, चारचौघांत लाज वाटली म्हनून फेकलास. मी म्हनलं, पडला आसंल कुठंतरी. तिला पटलं न्हाई. नंतर ती काही बोलायची, मला ऐकू जायचं न्हाई. मग म्हनायची, कानात बोळे घातलेत का? चार म्हयने हेच. आन मग एक दिवस तिच्या छातीत कळ आली आन ती गेलीच."

पंखा आपलं गेलेलं बेअरिंग वाजवत होता.

पुढची तपासणी बंद खोलीत झाली. काचेपलीकडं स्वप्नाली आवाज कमी कमी करत गेली आणि बरकतचं बोट वर होत राहिलं. मशीननं थोडा कान खाल्ला होता, हे खरं. पण प्रेसवर उभं राहायला तो पुरेसा होता. तिनं दाखला लिहिला, खाली ठळक सही केली. बरणीकडं तिचा हात गेलाच नाही. थेंबांची एक रिकामी कुपी धुऊन, पुसून तिनं त्याच्यापुढं ठेवली.

बरकतनं बोळा कुपीत ठेवला. झाकण लावायच्या आधी त्यानं ती डाव्या कानाशी धरली, जशी काही आतून कुणी बोलणार होतं. मग कुपी तोंडाजवळ नेऊन तो घरच्या बोलीत म्हणाला,

"गिरा नहीं था, हसीना. तूच बराबर बोलती थी."