ठोसरनं सुचवलेलं काडतूस

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या भागातली हरणं बारीक गोळी परत करू लागली. मी एका मादीवर नेम धरला, गोळी लागली, मादीनं अंग झटकलं आणि सावकाश चालत माझ्या मचाणापाशी येऊन तिनं तोंडातली गोळी शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवली. गोळी कोमट होती. इतर शिकाऱ्यांनाही हाच अनुभव येत होता. बऱ्याच जणांनी बंदुका विकल्या आणि ते मासे धरू लागले.

मला शिकार सोडायची नव्हती. मिशिगनला आल्यापासून मला नीट जमलेली ती एकच गोष्ट होती आणि ती यशवंत ठोसरनं शिकवली होती. सांगलीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. मी इथे उतरलो तेव्हा तो विमानतळावर माझ्यासाठी जाड कोट घेऊन उभा होता. आता आमची घरं शेजारी आहेत. माझी बायको मीनल त्याला भावजी म्हणते. हल्ली तो स्वतः बंदूक उचलत नसे, नुसता सोबतीला यायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही दोघं माझ्या गॅरेजमध्ये सुट्या भागांतून एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल जुळवत होतो. नळी तेवढी राहिली होती, आणि काडतूस ठरल्याशिवाय नळी घेता येत नाही. मला जाड, तोंडाशी निमुळतं न होणारं सरळ काडतूस हवं होतं. आमचं जंगल दाट, हरीण दिसतं तेच जवळून, तिथे लांबचा पल्ला घेऊन करायचं काय? मॅगझिनमध्ये काडतुसं थोडी कमी मावली असती, एवढंच. ठोसरचं म्हणणं पडलं की त्याचा धक्का फार बसतो, दुसरा नेम धरेपर्यंत हरीण निघून जातं. त्यानं मधल्या मापाचं सुचवलं. माझा दुखरा खांदा त्याच्या लक्षात होता, याचं मला बरं वाटलं.

तरी दुकानात गेल्यावर मी जाड काडतुसाकडे निघालो. ते काउंटरच्या टोकाला ठेवलं होतं. मी चालू लागलो तसा काउंटर लांबत गेला. मी भरभर चाललो, तोही भरभर लांबला. दुकानदार मागे कुठेतरी ठिपक्याएवढा दिसत होता. ठोसर मात्र त्या टोकाशी कोपर टेकून उभा होता. तो तिथे कसा पोचला, ते मी विचारलं नाही. मधल्या मापाचं खोकं माझ्या हाताशीच होतं. मी ते उचलल्यावर काउंटर पुन्हा पहिल्याएवढा झाला.

नळी बसवली. रायफल उत्तम चालली. पहिल्याच सकाळी एक मादी अगदी जवळ आली. मी गोळी झाडली. ती लागलेली मला स्पष्ट दिसली. मादी मचाणाखाली आली आणि गोळी पायरीवर ठेवून वर बघत म्हणाली, "हीच येणार, असं ठोसर म्हणाले होते."

"कधी म्हणाले?"

"उन्हाळ्यात. त्यांनी आमच्याकडून सराव करून घेतला ना. जाड गोळी अजून जमत नाही आम्हाला."

मी खाली उतरलो. सरळ ठोसरच्या घरी गेलो. त्याच्या गॅरेजचं दार अर्धं वर होतं. वाकून आत शिरलो. आत हरणं दाटीवाटीनं उभी होती. ठोसर एका पाडसाला गोळी जिभेवर कशी तोलायची ते दाखवत होता. मीनल ताटलीतून मीठ वाटत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ताटली पुढे सरकवली.

"दार लावून घे," ठोसर म्हणाला. "गार वारा येतो."

मी दार लावलं. भिंती थोड्या आत सरकल्या. दोन हरणांच्या मध्ये माझ्यापुरतीच जागा उरली, तिथे मी उभा राहिलो. त्यांच्या अंगाची ऊब माझ्या कोटातून आत येत होती. हे असं का केलंस, मी विचारलं.

"तुझा नेम चांगला आहे रे. त्यांना भीती वाटते."

"मला सांगितलं असतंस तर मी थांबलो असतो."

"मी म्हणालो होतो तसं," ठोसर म्हणाला. "मीनल म्हणाली, तो नाही थांबणार."

मीनल मीठ वाटत राहिली. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भिंती आणखी सरकल्या. इतक्या वर्षांत या माणसाला विचारल्याशिवाय मी साधा कोटही घेतला नव्हता. दुसरं कुणी विचारण्यासारखं मला तेव्हाही सुचेना.

"मग आता कुठलं काडतूस घेऊ?" मी म्हणालो.

ठोसरनं मान तिरकी केली. खरोखर विचार करताना तो अशीच करतो. गॅरेजमधले सगळे कान त्याच्याकडे वळले. माझेही वळले, आधी डावा, मग उजवा.