टकटक थांबली की हवा बंद

धाकटा एवढंच म्हणाला होता, "यापुढे जमिनीखाली माणूस घालायची गरजच नाही." तेही घराच्या मालकिणीसमोर. झालं! थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं तो लोकांच्या घरांतल्या लाकडी जमिनीखाली, हातभर पोकळीत पोटावर सरपटत, थंडी अडवणारा फेस मारत आला होता. आता त्याची जागा घेणार कोण, तर धाकट्याने रबर चिकटवून बनवलेला रोबो! हवा भरली की फुगत-आकसत पुढे सरकायचा आणि तोंडाने फेस फवारायचा. थोरला त्याला अळी म्हणायचा.

मालकीण बाहेर पडली मात्र, थोरल्याने भावाच्या डाव्या कानाखाली जाळ काढला. सावरायच्या आत दुसरा तडाखा, त्याच कानावर, मुठीने. कानातून रक्त आलं. धाकट्याने मुसंडी मारून त्याला आडवा केला आणि त्याचा ओठ फोडला.

वहिनी बाहेर फेसाच्या पंपापाशी होती. खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, एक बसली की माणसाला नीट ऐकू येतं!" आणि हसली. या घराच्या पाचवीलाच मारामारी पुजलेली, कोण किती मनाला लावून घेणार?

अळी आत सोडली आणि नेमकी खिळ्यात अडकली. थोरल्याला कोण आनंद! "बघ, रुसली तुझी लाडकी. थांब, बोटाला धरून आणतो." फुटक्या ओठाने हसत तो फळीखाली शिरला.

बापाने घालून दिलेला नियम होता. आत गेलेल्याने हातोडीने फळीवर टकटक करत राहायचं, वरच्याने जमिनीला कान लावून ऐकायचं. टकटक थांबली की आधी फेस ढकलणारी हवा बंद, मग विचारपूस. याच नियमावर बाप म्हातारा होऊन अंथरुणात मेला.

"सोड अळीत हवा, हळूहळू!" खालून आवाज आला. धाकट्याने सवयीने डावाच कान जमिनीला लावला. उजवीकडे कॉम्प्रेसर बोंबलत होता. टकटक, टकटक. त्याने हवा सोडली. डोकं अजून धुमसत होतं. जरा गुदमरू दे साल्याला, असं त्याच्या मनात आलं. आलं, खोटं कशाला बोला! पण हात नियमानेच चालत होता. टकटक एकसारखी येत होती, म्हणून त्याने आणखी हवा सोडली.

"बंद करा!" वहिनी धावत आत आली. "भाऊजी, बाहेरून पोकळीच्या जाळीला कान लावून ऐकतेय मी, टकटक थांबलीये!"

"कुठे थांबलीये? चालू आहे की!"

तिने त्याला लाथेने बाजूला लोटलं आणि कॉम्प्रेसर बंद केला. खोली शांत झाली. त्याच्या कानात टकटक चालूच होती.

धाकट्याने डावा कान हाताने दाबून धरला, तरी टकटक थांबेना. त्याने पहार घालून फळ्या उचकटल्या. अळी टम्म फुगली होती आणि तिने थोरल्याला भिंतीशी चिणलं होतं. चेहरा काळानिळा, नखं रबरात रुतलेली. हातोडी कधीच गळून पडलेली. धाकट्याने सुरी काढून अळीच्या पोटात खुपसली, पुन्हा खुपसली, शिव्या देत खुपसत राहिला. फेस उसळला, सुरी निसटून त्याचीच मांडी फाटली. दोघांनी थोरल्याला ओढून वर घेतलं. बरगड्या आत गेल्या होत्या. धाकट्याने तोंडाला तोंड लावून फुंकलं, "दादा, मार मला, ऊठ," म्हणत पुन्हा फुंकलं. दादा उठला नाही.

वहिनीने खाली पडलेली हातोडी उचलली. "मारलंत तुम्ही! सकाळचा राग काढलात!" ती किंचाळली आणि हातोडी त्याच्या डोक्यावर उगारली.

"आईशप्पथ, वाजत होतं, वहिनी. अजून वाजतंय. ऐका ना."

तिने त्याच्या कानाकडे पाहिलं. रक्त मानेवर वाळलं होतं. उगारलेला हात तसाच थांबला.

"बंद करा ना ते," तो रडत म्हणाला, आणि मार खायला त्याने तोच कान पुढे केला.