पुडीतले गुलाबी कण

गादीवाल्याच्या दुकानामागची खोली सकाळी आठलाच माणसांनी फुलून गेली होती. कंबरवाले, गुडघेवाले, दाढवाले. समोर खुर्चीत पुडीबाबा. "गोळ्या दुखणं दाबतात, माझी पुडी ते उपटते! मुळासकट!" असं म्हणत ते हवेतून काहीतरी उपटायचे आणि लोक हात जोडायचे.

रांगेत पाय फाकून उभे होते विज्ञानाचे मास्तर. तीस वर्षं मुलांना पुरावा मागायला शिकवलेले. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. "दुखायची वाट न बघता, जेवून, वेळच्या वेळी गोळी घ्या," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मास्तर गोळ्या टाळून सहनशक्ती दाखवायला गेले, आणि एका शिंकेत त्यांना ब्रह्मांड आठवलं. शेजाऱ्याने पुडी दिली. अर्ध्या तासात कळ गायब! तिच्याबरोबर मास्तरांची अक्कलही.

मग दिवसाला चार पुड्या, वर गोळ्याही. येईल त्याला पुडीचा महिमा!

पुड्यांच्या आठव्या दिवशी पोटात आग पडली, शौचाला डांबरासारखं काळं झालं. बायकोने उरलेल्या पुडीतली राख पांढऱ्या कागदावर पसरली.

"अहो, राखेत हे गुलाबी कण कसले?"

"शक्तीचे असतील."

"शक्तीचे? तुमच्या गोळीचा रंग बघा जरा!"

तिने पुडी आणि मास्तर, दोन्ही डॉक्टरांपुढे नेऊन ठेवले. मास्तर दवाखान्यात दाखल झाले, पुडी तपासणीला गेली.

"तेच औषध आहे," अहवाल वाचत डॉक्टर म्हणाले. "गोळी कुटून राखेत मिसळलीय. तुम्ही तिप्पट घेतलीत, म्हणून जठरातून रक्त आलं. थोडक्यात वाचलात."

बरं वाटताच मास्तर अहवाल घेऊन त्या खोलीत गेले.

"हा नास्तिक आहे!" पुडीबाबा ओरडले.

"छे हो! तुमचा एक नंबरचा भक्त. शिकलेला गाढव," मास्तर म्हणाले आणि त्यांनी अहवाल मोठ्याने वाचला. "गुण आला म्हणून चमत्कार ठरत नाही. पुडीत काय आहे ते विचारा. आणि काय काय घेता ते डॉक्टरांना सांगा, लाज वाटली तरी."

पुडीबाबा मागच्या दाराने सटकले. रांगेतल्या, शिवणकाम करणाऱ्या एका आजींनी पिशवीतून दहा पुड्या काढल्या.

"मास्तर, माझं मूत्रपिंड अधू आहे. मला काही झालं असेल का हो?"

मास्तरांच्या ओठावर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही, आजी. चला, डॉक्टरांना विचारू."