ठिपक्यांची माती

भट्टीतून काढलेला तिसरा कपही पांढराधोप निघाला, तसा ज्योत्स्नाताईंनी तो टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"आबा, ठिपके कुठे आहेत? मातीत कीस टाकला होता ना?"

"बठ्ठा टाकेल शे, ताई. मोजीसन टाकेल शे," रुपचंद म्हणाला.

धुळ्यात ताईंच्या शेडमध्ये तो दोन वर्षं माती मळत होता. हे ठिपक्यांचं खूळ मात्र याच महिन्यातलं. पांढऱ्या स्टोनवेअर मातीत लेथवरचा लोखंडी कीस मळायचा, म्हणजे भाजल्यावर कपावर तपकिरी ठिपके उमटतात. शहरातल्या हॉटेलांना हल्ली तसलेच कप हवेत. चांगल्या मातीत मुद्दाम कचरा घालायचा, हे कुंभाराच्या पोराच्या डोक्यात शिरणं कठीणच. पण मालकीण सांगेल ते करायचं, एवढं त्याला बासष्टाव्या वर्षी पक्कं कळत होतं.

"आता ही शेवटची खेप. नाही जमलं तर तयार मातीच मागवते. मग मळायला कुणी लागणार नाही," ताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या, आणि तेच त्याला जास्त लागलं. चोर म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तो पुन्हा मळायला बसला. ताई स्टूल ओढून समोर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "थांबा आबा. गुडघ्याशी बघा."

फरशीवर काळे कण पडले होते. मळता मळता त्याची बोटं एकेक कण हुडकून बाजूला उडवत होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मातीत चुनखडीचा एक खडा राहिला तरी भाजलेला माठ तडकतो. लहानपणी त्याने मळलेल्या मातीचा माठ ऐन लग्नघरी फुटला, तेव्हा बापाने त्याला गल्लीदेखत बडवलं होतं. तेव्हापासून हात शहाणे झाले ते कायमचे.

"मना हात मनं ऐकत नहीत, ताई," तो ओशाळून म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने बोटं आखडून पाहिली, मुठींनी मळून पाहिलं. लक्ष जरा हललं की कण फरशीवर. खांदे भरून आले, माती काही बधेना.

दुसऱ्या दिवशी येताना त्याने शेजारच्या भिकनकडून कपाशीच्या फवारणीचे जाड रबरी हातमोजे मागून आणले.

"माती मळाले मोजा? काय आबा!" भिकन हसला होता.

मोज्यांतून काहीच लागत नव्हतं. माती ओली की कोरडी, हेही कळेना. मळणं कसलं ते, नुसतं ढकलणं.

आठवड्याने भट्टी उघडली. ज्वारीच्या भाकरीवर डाग पडावेत तसे प्रत्येक कपावर ठिपके. ताई हरखल्या.

"जमलं की आबा! तुमच्या हाताची कमाल."

"हात कोठे व्हतात त्यामा, ताई?"

ताईंना ती गंमत वाटली. हसतच त्यांनी फोन लावला आणि सहाशे कपांची नवी ऑर्डर पक्की केली. रुपचंदचं काम टिकलं. त्या एका खेपेपुरते घातलेले मोजे आता तो दिवसभर घालून मळत राहिला.

घरी आल्यावर बायकोने, बेबाबाईने, रोजच्यासारखं अंगणात त्याच्या हातांवर पाणी ओतलं. मग तांब्या तसाच धरून ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"आज कामले गयथात ना?"

पाणी खाली स्वच्छ पडलं होतं.