हेडक्लार्कची सातवी फेरी

गाडीचं मागचं दार उघडलं की पहिला वास यायचा फिनेलचा, दुसरा कुत्र्यांचा आणि तिसरा सिस्टरांनी गुडघ्यांना चोळलेल्या मलमाचा. ड्रायव्हर म्हणायचा, हा तिसरा वास आला नाही तर समजायचं, आपण दुसऱ्याच कुणाची तरी गाडी घेऊन निघालोय.

सिस्टर म्हणजे चौतीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात उभ्या राहून निवृत्त झालेल्या. नोकरी सुटली, नाव चिकटून राहिलं. रिकामं बसायची सवय नाही, आणि घरात राज्य सुनेचं. सून चांगली होती, पण स्वयंपाकघर एक आणि हात चार म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच. म्हणून चार वर्षांपूर्वी त्या बेवारशी जनावरांच्या आश्रमात रविवारचं काम मागायला गेल्या. आता उभं राहून राहून पुन्हा तेच पाय सुजत होते. फरक एवढाच की वॉर्डातले पेशंट निदान तक्रार तरी करायचे.

आश्रम गावाबाहेर, तिथवर कोण जातंय? म्हणून दर रविवारी आठ पिंजऱ्यांची ही गाडी निघायची आणि माणसांची वर्दळ असेल तिथे जाऊन उभी राहायची. आज ती फर्निचरच्या मोठ्या दुकानासमोर उभी होती. टेबल मांडायचं, त्याचा एक पाय उघडत नाही, त्याला लाथ घालायची, वर अर्ज ठेवायचे, अर्ज उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याची बाटली, आणि मग लोकांची वाट बघत बसायचं. लोक यायचे. चार महिन्यांच्या पिल्लाकडे बोट दाखवून "हा मोठा होणार नाही ना?" असं विचारायचे. "पांढऱ्या रंगात आहे का?" म्हणायचे, जसे काही पडदे घ्यायला आलेत. एक बाई मांजर घेऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. कारण काय, तर ते सारखं बघत राहतं.

त्या मांजरापासून डॉक्टरीणबाईंनी एक नियम केला. या आश्रमाच्या जनावरांच्या डॉक्टर. वय तिशीच्या आत, अंगावर मूठभर मांस नाही, पण त्यांच्या शब्दापुढे ड्रायव्हरचीसुद्धा मात्रा चालत नसे. नियम असा की जनावर द्यायच्या आधी, त्याला ओळखणाऱ्या माणसानं घेणाऱ्याला त्याचे तीन अवगुण तोंडानं सांगायचे. गुण काय, कार्डावर लिहिलेलेच असतात. तीन अवगुण ऐकूनही ज्याचा हात सहीला पुढे होतो, तो सहसा परत येत नाही.

दुसरा नियम सात फेऱ्यांचा. गाडीत जागा आठ, रांगेत जनावरं चाळीस. सात रविवारांत ज्याला कुणी नेलं नाही, त्यानं जागा सोडायची आणि आश्रमाच्या मागच्या शेडमध्ये जायचं. मारत नव्हते कुणाला. जेवण, औषध, सगळं वेळेवर. पण मागच्या शेडकडे पाहुण्यांचे पाय वळत नाहीत. तिथे गेलेलं जनावर तिथेच म्हातारं होतं, आणि जे आधीच म्हातारं आहे त्याचं काय, हे सिस्टरांना कुणी सांगायला नको होतं. वॉर्डाच्या टोकाच्या खाटा त्यांनी पाहिल्या होत्या.

आज हेडक्लार्कची सातवी फेरी होती.

हेडक्लार्क म्हणजे दहा वर्षांचा, करड्या तोंडाचा, मध्यम बांध्याचा कुत्रा. समोर येईल त्याच्याकडे तो असा बघायचा, जणू तुमच्या अर्जाला एक कागद कमी आहे. नाव ड्रायव्हरनं ठेवलेलं. त्याच्या मागच्या पायांचे सांधे धरलेले, पिंजऱ्याच्या पत्र्यावर त्याला बसवायचं नाही. म्हणून पहिल्याच फेरीला सिस्टरांनी त्याला खाली उतरवलं, आपल्या खुर्चीशेजारी चादरीची चौपदरी घडी घातली आणि त्याला तिथे बसवलं. गाडीतल्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात 'मला घर हवं' असं छापलेला नारिंगी रुमाल असायचा. हेडक्लार्क तो चावून चावून लाळेनं भिजवायचा, म्हणून सिस्टरांनी तो काढून पिशवीत टाकला. मग तो हनुवटी त्यांच्या बुटावर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. दुखऱ्या पायावर तेवढं एक ऊबदार ओझं. रविवारचे ते चार तास सिस्टरांना आठवडाभर पुरायचे.

घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. नातीला दमा होता. एकदा सिस्टरांच्या शालीला चिकटून आलेल्या केसांनी पोरीला अख्खा दिवस धाप लागली होती. सून त्यावर चकार शब्द बोलली नाही, आणि म्हणूनच सिस्टरांना तो विषय पुन्हा कधी काढता आला नाही. तेव्हापासून रविवारी घरी गेल्या की आधी न्हाणीघर आणि मग माणसं.

दहाच्या सुमाराला एक जोडपं थांबलं. त्यातल्या बाई हेडक्लार्ककडे कौतुकानं बघत राहिल्या. "किती शांत आहे हो तुमचा! असा एखादा मिळेल का यांच्यात?"

"हाच घ्या की," सिस्टर म्हणाल्या. "हा पण द्यायचाच आहे."

"छे हो! केवढा जीव आहे त्याचा तुमच्यावर. तुमच्यापासून तोडायचं पाप कुठे करू?" बाई हसल्या आणि पिल्लांच्या पिंजऱ्याकडे गेल्या.

सिस्टरांनी वाकून हेडक्लार्कच्या कानामागे खाजवलं. दर फेरीला कुणी ना कुणी हे असं म्हणायचंच. त्याला नेलं नाही याचं वाईट वाटायचं, पण खरं सांगायचं तर ते वाक्य कुठेतरी गोडही लागायचं. या वयात त्यांना असं म्हणणारं दुसरं होतं कोण?

अकरापर्यंत दोन पिल्लं आणि एक मांजर गेलं. ड्रायव्हर चहाचे दोन कागदी कप घेऊन आला. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. पण आज कप हातात देऊनही तो नुसताच उभा राहिला.

"सिस्टर, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"राग येणारच. बोला."

"याला कुणी नेत नाही ना, ते तुमच्यामुळे."

सिस्टरांनी कप टेबलावर ठेवला.

"सहा रविवार मी समोरून बघतोय," ड्रायव्हर म्हणाला. "गळ्यात रुमाल नाही, पिंजऱ्यात नाही, वर तुमच्या बुटावर डोकं. लोकांना वाटतं, बाई स्वतःचा कुत्रा बरोबर घेऊन आल्यात. मघाशी त्या काय म्हणाल्या? 'तुमचा.' तुम्ही म्हणता, हा पण द्यायचाय, आणि तुमचा हात असतो त्याच्या डोक्यावर. कोण घेईल?"

"मग सहा रविवार काय तोंड शिवलं होतं?"

"तुमच्याशी वाकडं कोण घेणार? आणि..." ड्रायव्हरनं मान खाजवली. "तुमचं पण बरं चाललं होतं."

हे शेवटचं वाक्य वर्मी बसलं. वॉर्डात नव्यानं आलेल्या पोरींना त्या चौतीस वर्षं एकच गोष्ट ओरडून सांगत आल्या होत्या, की पेशंटला आपली सवय लावू नका, त्याला घरी जायचंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान! याला बरं वाटावं म्हणून खाली घेतला होता, की आपल्याला बरं वाटावं म्हणून? त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"किती वाजले?"

"सव्वाअकरा. एकला गुंडाळायचं."

सिस्टरांनी पिशवीतून रुमाल काढला आणि हेडक्लार्कच्या गळ्यात बांधला. चादर उचलून रस्त्याच्या बाजूच्या सगळ्यात खालच्या पिंजऱ्यात अंथरली, त्याला मागून हात देऊन आत चढवलं आणि कडी घातली. त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी केबिनमध्ये बसते," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "कुणी मला हाक मारायची नाही."

"आणि हा ओरडला तर?"

"तर ओरडेल."

सहा फेऱ्यांत हेडक्लार्कचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आता तो बारीक सुरात रडायला लागला. थोडा वेळ रडायचा, मग थांबून कानोसा घ्यायचा, मग पुन्हा सुरू. केबिन आणि गाडीचा मागचा भाग यांच्यामध्ये एक सरकती काच होती. सिस्टर तिच्याकडे पाठ करून बसल्या. समोरच्या काचेवर चिकटवलेला टायरच्या हवेचा तक्ता त्यांनी चारदा वाचला. "ई, रडका आहे," असं बाहेर कुणीतरी म्हणालं. सिस्टरांचा हात दाराच्या कडीवर गेला. खिडकीशी ड्रायव्हर उभाच होता. "आता उतरलात तर सगळं मुसळ केरात," तो तोंड न वळवता म्हणाला. त्यांनी हात मागे घेतला.

बारा वाजले, साडेबारा वाजले. पावणेएकला एक म्हातारा आवाज कानावर आला.

"काय रे बाबा, कुणाला शोधतोस?"

बाजूच्या आरशात सिस्टरांना दिसलं. काठी टेकत वाकलेला एक म्हातारा आणि त्याच्यामागे चाळिशीची बाई. तिच्या गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकत होती. शिंपीण असावी, घाईत काढायची राहिलेली.

"बाबा, आपण खुर्ची बघायला आलोय."

"खुर्ची कुठे पळून जात नाही. डॉक्टर म्हणतात ना, रोज चाला? तुझ्याबरोबर मला चालवत नाही, तू धावतेस. हा बघ, उठतानासुद्धा माझ्यासारखाच उठतो, हप्त्याहप्त्यानं."

शिंपीण खाली बसली. तिनं हेडक्लार्कच्या मागच्या पायांकडे नीट बघितलं आणि विचारलं, "याच्या सांध्यांना औषध काय चालू आहे?"

चार वर्षांत एवढा शहाणा प्रश्न सिस्टरांनी ऐकला नव्हता. पलीकडच्या पिंजऱ्यांपासून डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी औषध सांगितलं. ते काळजीनं ऐकून घेऊन शिंपीण म्हणाली, "ठीक आहे, बाबा. पण अंघोळ तुम्ही घालायची." डॉक्टरीणबाईंनी अर्ज पुढे ओढला आणि इकडेतिकडे बघितलं. "अवगुण सांगायला सिस्टर कुठायत?"

"मी सांगतो," ड्रायव्हर म्हणाला. "जरा त्याचा कागद काढतो." आणि मागून गाडीत चढून तो काचेशी आला. काच दोन बोटं सरकली.

"बोला लवकर."

"घोरतो," सिस्टर कुजबुजल्या. "शेजारच्या खोलीत ऐकू येईल इतका."

"एक, घोरतो!" ड्रायव्हरनं बाहेर आरोळी दिली.

"मीही घोरतो," म्हातारा म्हणाला.

"हो," त्याची मुलगी म्हणाली. सुरावरून तिची रोज किती झोपमोड होत होती ते कळत होतं.

दुसरा अवगुण सिस्टरांच्या ओठांवर आला आणि अडला. शिंपिणीचं घर. हे सांगितलं तर ती बाई तिथूनच मागे फिरेल. नाही सांगितलं तर तो तिसऱ्या दिवशी परत, आणि आठवी फेरी नसते. "कापड चावतो," त्या म्हणाल्या. "खाली पडलेलं काहीही."

"दोन, कापड चावतो! खाली पडलेलं!"

आरशात शिंपिणीचा हात गळ्यातल्या फितीशी गेलेला दिसला. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले.

"वर ठेवीन," शेवटी ती म्हणाली. "नाहीतरी बाबा त्यावर चहा सांडतातच."

"तिसरा?" ड्रायव्हर काचेशी. सिस्टर आरशाकडे बघत राहिल्या. "सिस्टर, तिसरा."

"सांगा की पहिले पंधरा दिवस तो कुणाला तरी शोधेल. दाराशी बसेल, नीट खाणार नाही. घरात कुणी बाई आली की तिचे बूट हुंगेल. त्याच्यावर रागवायचं नाही. मग विसरेल."

हे ड्रायव्हरनं ओरडून सांगितलं नाही. खाली उतरला आणि हळू आवाजात सांगितलं.

"कुणाला शोधेल?" शिंपिणीनं विचारलं.

"होती एक बाई. तिचा लळा होता त्याला."

"आणि तिनं टाकला? या वयात?" शिंपिणीचा आवाज चढला. "काय काळजाच्या बायका असतात हो! माया लावायची आणि म्हातारपणी द्यायचं ढकलून. मला एकदा भेटू दे ती, चांगली उभी-आडवी घेते."

"अहो, तसं नाहीये, ती—"

सिस्टरांनी काचेवर बोटानं टक् केलं. एकदाच. ड्रायव्हर थांबला.

"तसंच असेल," तो म्हणाला.

सही झाली. खुर्ची घ्यायची राहिलीच. आरशात सिस्टरांना तिघं पाठमोरे दिसत होते. म्हातारा, त्याची काठी आणि हेडक्लार्क एका चालीनं, आणि शिंपीण दोन पावलं पुढे. हेडक्लार्क थांबला आणि गाडीकडे वळून बघू लागला. म्हाताऱ्यानं साखळी ओढली नाही, तोही थांबला. पुढे हेडक्लार्क पुन्हा एकदा थांबला. मग आरसा संपला.

एक वाजता टेबलाचा पाय लाथ घालून मिटवला. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "सिस्टर, बघा, शेवटच्या क्षणी! होतात कुठे तुम्ही? बरं, पुढच्या रविवारी त्या जागी काळी कुत्री येतेय. सहा वर्षांची आहे, माणसांना बुजते. तुमच्या शेजारी बसवू ना?"

"नको. पिंजऱ्यातच बसू दे," सिस्टर म्हणाल्या. "चादर जाड घाला. आणि माझी खुर्ची त्या टोकाला ठेवा."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सिस्टरांचं घर जवळ आलं तेव्हा त्यानं विचारलं, "पाय दुखतायत?"

"दुखतायत. आज जास्तच."

घराच्या कोपऱ्यावर उतरायच्या आधी सिस्टर दर रविवारी बूट झाडत, नातीसाठी. आज त्या वाकल्या तेव्हा उजव्या बुटावर, लेसच्या आसपास, करडे केस बरेच होते. एकेक चिमटीत धरून त्यांनी ते सगळे काढले आणि खिडकीबाहेर सोडले. पोरीला त्रास नको.