सासूबाईंच्या खुणा

बाळंतपणानंतर टेनिस खेळणाऱ्या बाईचं काय काय बदलतं, यावर डॉक्टरांनी तिला बरंच ऐकवलं होतं. कंबर, गुडघे, झोप, सगळं. पण सर्व्हिस करताना नजर चेंडूवर राहायचं सोडून प्रेक्षकांकडेच धावते, हे कुणी चकार शब्दानं बोललं नव्हतं.

तिथे पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर सात महिन्यांची ठकी. पात्रता फेरीचा हा शेवटचा सामना. जिंकली तर मुख्य स्पर्धेत. हरली तर गाशा गुंडाळून घरी, आणि घरी जाऊन क्लबला कळवायचं की हो, लहान मुलांना शिकवायची नोकरी घेते. नोकरी वाईट नव्हती. तिला फक्त ती इतक्यात नको होती.

पण ठकी नजरेआड झाली की तिच्या डोक्यात नाही नाही ते यायचं. भुकेली असेल का? ऊन लागत असेल का? बटण तर गिळलं नसेल? शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. दोन पॉइंटांच्या मध्ये त्या खूण करणार. मूठ तोंडाशी नेली, म्हणजे ठकी दूध प्यायली. हात गालाखाली, म्हणजे झोपली. आणि नाक चिमटीत धरलं, म्हणजे डायपर.

"आई, टीव्हीवर दिसेल हो!"

"दिसू दे. लोकांच्या पोरांच्या डायपरात काय अत्तर असतं?"

पहिला सेट तिनं झोकात घेतला. दुसऱ्यात मात्र पार धुलाई झाली, सहा-एक. समोरची वेणीवाली जेमतेम एकोणिसाची; चेहरा असा, की जन्मात हिला कुणी गुदगुल्या केल्या नसाव्यात. आणि आता तर ती मनातलं वाचल्यासारखी खेळायला लागली होती. ड्रॉप शॉट मारावा, तर ही आधीच जाळ्यापाशी हजर. हळू सर्व्हिस करावी, तर ही आधीच दोन पावलं पुढे.

तिसऱ्या सेटमध्ये तिच्या लक्षात आलं. पॉइंट सुरू व्हायच्या आधी वेणीवाली तिच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती सासूबाईंकडे! आणि तिचा काळ्या चष्म्याचा कोच तर सासूबाईंवरून नजर काढत नव्हता.

दोघं सासूबाईंच्या खुणांवरून तिचा पुढचा फटका ओळखत होते. कोचचं काही चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सासूबाईंनी नाक धरलं, की कधी एकदा पॉइंट संपतोय असं होऊन ती खरंच ड्रॉप शॉट मारत होती. ठकी झोपली म्हटलं, की ती जागी होऊ नये म्हणून खरंच हळू, आवाज न करता सर्व्हिस करत होती. सासूबाईंच्या खुणांवर आपला सगळा खेळ चाललाय, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्या चष्मेवाल्याला माहीत होतं.

बाजू बदलताना टॉवेलच्या निमित्तानं ती सासूबाईंपाशी गेली.

"आई, खुणा फुटल्या. बंद करा."

"बंद करू? बरं. मग तू खेळशील?"

तिनं क्षणभर विचार केला. बटण आठवलं.

"नाही. चालू ठेवा. मीच उलटं खेळते."

"जमेल?"

"जमवते."

म्हणायला सोपं होतं. सासूबाईंनी हात गालाखाली ठेवला, ठकी झोपली. वेणीवाली ठरल्याप्रमाणे दोन पावलं पुढे सरकली. तिनं काळजावर दगड ठेवला, डोळे बारीक केले आणि अशी काही किंचाळून सर्व्हिस केली, की चेंडू वेणीवालीच्या कानाजवळून गेला. पॉइंट मिळाला. ठकीनं भोकाड पसरलं. सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की पंचच दुसरीकडे बघू लागले.

मग मूठ तोंडाशी गेली. मूठ म्हणजे निवांत, लांबलचक खेळ, या हिशेबानं वेणीवाली मागे थांबली. तिनं चेंडू अलगद जाळ्याशी टाकला. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला.

असं करत करत पाच-चार झालं. सर्व्हिस तिची आणि मॅच पॉइंटही तिचाच. तिनं पाहिलं. सासूबाईंनी नाक धरलं होतं. नुसतं चिमटीत नाही, पदर लावून. शेजारचा माणूस दोन खुर्च्या पलीकडे सरकला होता.

तिच्या अंगातला कण न् कण ओरडला, टाक ड्रॉप शॉट आणि पळ. पुरळ येईल. आधीच लाल झालंय. रॅली सुरू झाली. एक फटका, दुसरा, तिसरा. प्रत्येक फटक्याला तिला वाटे, आपल्याइतकी निर्दय आई जगात नसेल. मग चेंडू आखूड पडला, ड्रॉप शॉटसाठी अगदी ताटात वाढल्यासारखा, आणि वेणीवाली वेणी उडवत जाळ्याकडे सुटली. तिनं चेंडू उंच उचलला. तो वेणीवालीच्या डोक्यावरून गेला आणि शेवटच्या रेषेवर पडला.

हात मिळवताना वेणीवालीनं विचारलं, "नाक म्हणजे ड्रॉप शॉट ना?"

"नाक म्हणजे डायपर. मला जाऊ दे आता, प्लीज."

वेणीवालीचा चेहरा आधी कोरा झाला, मग ती इतकी हसली की तिला जाळ्याचा आधार घ्यावा लागला.

स्वच्छ झालेल्या ठकीला घेऊन दोघी स्पर्धेच्या कचेरीत गेल्या. वेळापत्रक लावणाऱ्या बाईंनी हसून सांगितलं, "अभिनंदन! उद्या अकरा वाजता, मुख्य कोर्टवर. समोर पहिली मानांकित."

सासूबाई टेबलावर वाकल्या.

"अकरा नाही जमणार. अकराला ठकी झोपते."

"मावशी, ती जगातली अव्वल खेळाडू आहे हो!"

"असेल. तिला मूल आहे?"

"नाही."

"मग झालं तर. तिला काय, ती कधीही खेळेल."

खरं तर सासूबाईंना तिथून हाताला धरून बाहेर न्यायला हवं होतं. तिनं शेजारची खुर्ची ओढली, ठकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "साडेतीन चालेल का, तेवढं त्यांना विचारा."